टर्बो पुन्हा पुन्हा तेल टाकतो: तिसरा कोअर घालण्याआधी तेलाचे दोन पाइप तपासा

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी इंजिन चालू ठेवून चार-पाच मिनिटे उभी राहते, गेट उघडते, आणि पहिला गिअर टाकून निघताना मागून निळ्या धुराचा लोट उठतो. वेग घेतल्यावर धूर कमी होतो, म्हणून मालक काही दिवस दुर्लक्ष करतो. नंतर डिपस्टिकवरची पातळी हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर खाली गेलेली दिसते, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांचे जोड तेलाने ओले होतात, पिकअप मंदावते आणि टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या यंत्राची, शिट्टी पूर्वीपेक्षा बारीक व कर्कश होते. कोणीतरी कोअर, म्हणजे शाफ्ट, बुश आणि चाके असलेला टर्बोचा मधला भाग, बदलून देतो. काही आठवडे सगळे ठीक चालते आणि मग तेच सगळे पहिल्यापासून सुरू होते.

यातले शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. गाडी लाख-दीड लाख किलोमीटर चालल्यावर कोअर गेला, तर ती झीज असू शकते. परंतु नवा कोअर वर्षाच्या आत गेला, तर दोष बहुधा कोअरमध्ये नसून त्याला तेल आणणाऱ्या (फीड) किंवा त्यातून तेल परत नेणाऱ्या (ड्रेन) पाइपात असतो. उद्यमबागेतल्या माझ्या गॅरेजमध्ये हा एकच दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की अशी गाडी आली की मी आधी पान्याला हात न घालता गाडीखाली टॉर्च लावून ड्रेन पाइप पाहतो.

धुराच्या रंगाबद्दल आधी खात्री करून घ्यावी. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा हवेचे पाइप आणि इंजेक्टर पाहावेत. गरम इंजिनातूनही सतत पांढरा धूर येत असेल, तर पाणी किंवा न जळलेले डिझेल यांचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे तेल, मात्र तोही प्रत्येक वेळी टर्बोचाच नसतो. सकाळी पहिल्यांदा चालू करताना एक झुळूक येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय जातो. टर्बोतून जाणारे तेल आपली खूण मागे ठेवते: कंप्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूच्या) बाहेर जाणारा पाइप किंवा एक्झॉस्टच्या बाजूचे तोंड ताज्या तेलाने ओले असते. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणाऱ्या वाफेमुळे हवेच्या पाइपात तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नये. पाइप खाली धरल्यावर तेल थेंबाथेंबाने गळत असेल, तर मात्र पुढे वाचावे.

तेल नेमके का सुटते

बहुतेक गाड्यांच्या टर्बोत शाफ्ट तरंगत्या बुशांवर (आधार देणाऱ्या धातूच्या कड्यांवर) फिरतो. फेरे मिनिटाला एक लाखाच्या वर जातात, आणि त्या वेगात शाफ्टला बुशापासून वेगळे ठेवतो तो फक्त तेलाचा पातळ थर. हे तेल वंगणाचे काम करते आणि एक्झॉस्टकडून आलेली उष्णता वाहूनही नेते. दोन्ही टोकांना सील म्हणून जे असते, ते रबरी सील नसते. पिस्टनच्या रिंगसारखी एक छोटी लोखंडी रिंग असते, आणि मधल्या पोकळीत तेल साठत नाही या भरवशावरच ती तेल अडवते. पोकळी भरली, तर नवीकोरी रिंगसुद्धा तेल धरून ठेवू शकत नाही. पावसाळ्यात गटार तुंबल्यावर पाणी उंबऱ्यावरून घरात येते, तेव्हा आपण दाराची चौकट बदलत नाही. कोअरच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले जाते.

फीड पाइपात तेलाला ढकलायला इंजिनचा पंप असतो, म्हणून तो बारीक चालतो. ड्रेन पाइपात ढकलणारे कोणी नसते, तेल फक्त आपल्या वजनाने खाली उतरते. शिवाय बुशांमधून बाहेर पडणारे तेल घुसळलेले, हवा आणि थोडा एक्झॉस्ट वायू मिसळलेले, फेसाळ असते, त्यामुळे ते आत गेले त्यापेक्षा जास्त जागा व्यापते. फीडपेक्षा ड्रेन दुप्पट-अडीचपट रुंद असतो तो याच कारणाने. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम आपोआप समजतो.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली तपासणी डिपस्टिकची. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पातळी पाहावी. ड्रेन पाइप चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेल साठणाऱ्या भागात) ज्या ठिकाणी उघडतो, ते तोंड तेलाच्या पातळीच्या वर असले पाहिजे. सर्व्हिसिंगच्या वेळी कॅनमध्ये उरलेले तेल वाया जाऊ नये म्हणून ओतून टाकण्याची सवय पुष्कळांना आहे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली की ते तोंड बुडण्याची शक्यता वाढते आणि वरचे तेल तुंबते. जास्तीचे तेल काढून टाकल्यावर धूर थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

याच तपासणीला जोडून चालकाला एक प्रश्न विचारावा: धूर सपाटीवर येतो की चढावर? धूर हायवेवर बेळगाव ते संकेश्वर येत नाही आणि जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढायला लागल्यावर येतो, असे उत्तर मिळाले, तर ती माहिती मोलाची आहे. गाडीचे नाक वर झाले की चेंबरातले तेल मागे सरकते, आणि ड्रेनचे तोंड मागच्या अंगाला असेल तर ते बुडते. पाइप पुढच्या बाजूला उतरत असेल, तर त्याचा उतारही तेवढ्या कोनाने कमी होतो. सपाटीवर जेमतेम उतार असलेला असा पाइप चढावर अगदी आडवा होतो.

दुसरी तपासणी एअर फिल्टरची. फिल्टर धुळीने भरला की कंप्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ओढ सीलमागचे तेलही खेचते. उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवरून फिरणाऱ्या आणि खानापूर भागात वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या गाड्यांचे फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी भरतात. फिल्टर काढून फक्त झटकून परत बसवणे ही तपासणी नव्हे. तो उजेडापुढे धरून पाहावा आणि शंका आली तर बदलावा.

तिसरी तपासणी ब्रीदरची, आणि माझ्या मते निम्मी प्रकरणे इथे किंवा पुढच्या तपासणीत संपतात. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू चेंबरमध्ये उतरतोच. तो ब्रीदरमधून बाहेर गेला नाही तर चेंबरमध्ये दाब साठतो, आणि टर्बोतून उतरणारे तेल त्या दाबाच्या विरुद्ध खाली येऊ शकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः रोज चार-सहा किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांमध्ये, इंजिन पुरते तापत नाही आणि ब्रीदरच्या नळीत पाणी व तेल मिळून दह्यासारखा पिवळट लगदा जमतो. नळी काढून तोंडाने फुंकून पाहावी. हवा सहज गेली पाहिजे. त्यानंतर इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सोडवावे आणि तोंडावर उलटे नुसते ठेवावे. किंचित थरथरले तर ठीक आहे. उडून पडू लागले किंवा झाकणाच्या जागेतून धुराचे भपके येऊ लागले, तर गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत आहे. ब्रीदर साफ असूनही हे होत असेल, तर रिंगा किंवा बोअर यांचा प्रश्न आहे, तो टर्बोचा नाही, आणि तिथे नवा कोअर घालणे म्हणजे पैसे सायलेन्सरमधून उडवणे आहे.

ज्यांना अधिक नेमके पाहायचे आहे, त्यांनी दोन मीटर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर बांधावी, तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडावे. इंजिन मंद चालताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात फारसा फरक पडू नये. वीतभर फरक पडला, तर मोजमापाची गरज संपली असे समजावे. मर्यादेचा खरा आकडा मात्र त्या इंजिनच्या सर्व्हिस पुस्तकातूनच घ्यावा.

ड्रेन पाइप: इथे घाई करू नये

मागच्या पावसाळ्याआधी जांबोटी भागातून प्रवासी वाहतुकीची एक जुनी डिझेल जीप आली. मालक वयस्कर होते. त्यांनी दोन जुने कोअर गोणपाटात गुंडाळून बरोबर आणले होते आणि ते बाकावर ठेवत ते म्हणाले, “मेस्त्री, दोन घालून झाले की हो. आता तिसरा घालू काय गाडीच विकू?” मी म्हणालो, “काका, कोअर राहू देत. खालचा पाइप कधी बदललात ते सांगा.” पाइप बदललेला होता. मूळचा लोखंडी पाइप गंजून फुटल्यावर कोणीतरी हायड्रॉलिकच्या दुकानातून अर्धा इंची होज प्रेस करून आणून बसवला होता. होज उत्तम दर्जाचा होता, पिळलेला नव्हता, कुठून गळतही नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात दोष दिसला नसता.

व्हर्नियर लावल्यावर दोन गोष्टी कळल्या. मूळ पाइपाचा तुकडा काकांनी जपून ठेवला होता, त्याचा आतला व्यास १४ मिलिमीटर भरला. नव्या होजच्या रबराचा आतला व्यास १२.७ मिलिमीटर होता, पण दोन्ही टोकांना प्रेस केलेल्या निपलचे (धातूच्या जोडतोंडाचे) भोक ९.५ मिलिमीटरच होते. व्यासातला हा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी झालेले असते. दुसरी गोष्ट लांबीची होती. होज बोटभर जास्त लांब झाला होता, त्यामुळे तो चेंबरच्या तोंडापेक्षा खाली झोळ घेऊन पुन्हा वर चढत होता. बेसिनच्या खाली पाणी अडून राहावे म्हणून मुद्दाम जसे वळण देतात, तसे वळण इथे नकळत तयार झाले होते, आणि त्या झोळात तेल कायम साचून होते. तो होज काढून मोकळ्या भोकाचा, सरळ उताराचा लोखंडी पाइप आणि खाली तेलासाठी बनवलेल्या रबरी होजचा छोटा तुकडा, अशी जोडणी केली. कोअर काकांच्याच गोणपाटातला, तपासून घेतलेला घातला.

उद्यमबागेत आणि मच्छे भागात हायड्रॉलिक होज बनवून देणारी उत्तम दुकाने आहेत ही आपल्या भागाची सोय आहे, पण तिथे माप सांगताना एक गोंधळ हमखास होतो. होजचा नंबर दोन्ही पद्धतींत इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात. हायड्रॉलिक होजमध्ये तो नंबर होजच्या आतल्या व्यासाचा असतो, म्हणजे आठ नंबर म्हणजे अर्धा इंच. टर्बोच्या किटबरोबर येणाऱ्या एएन पद्धतीच्या होजमध्ये मात्र तो नंबर मूळ धातूच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. त्यामुळे दहा नंबरच्या एएन होजचा आतला व्यास ५/८ इंच म्हणजे १६ मिलिमीटर नसून साधारण १४ मिलिमीटर भरतो. यासाठी दुकानात नंबर सांगू नये. “आतले भोक इतके मिलिमीटर हवे, आणि निपलचेही तेवढेच हवे,” असे सांगावे आणि तयार झालेला होज पैसे देण्याआधी व्हर्नियरने मोजावा. हायड्रॉलिक निपल मोठ्या दाबासाठी बनवलेले असतात, म्हणून त्यांची भिंत जाड आणि भोक लहान असते. ड्रेनमध्ये दाब नसतोच, तेव्हा ती जाडी आपल्या काही कामाची नाही.

माझा नियम असा आहे. मूळ पाइप मिळत असेल, तर दुसरा विचारच करू नये. बनवून घ्यायचाच असेल, तर सगळ्यांत अरुंद ठिकाणी मूळ पाइपाइतका व्यास ठेवावा आणि मूळ माप ठाऊक नसेल तर अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. जागा असेल तर १४ ते १६ मिलिमीटर ठेवावे, ड्रेन मोठा झाल्याने नुकसान होत नाही. कोअर बसवताना त्याचे ड्रेनचे तोंड शक्य तितके सरळ खाली असावे. उभ्या रेषेपासून १५ अंशांच्या आत ते ठेवणे उत्तम, आणि फारच अडचण असेल तर ३० अंशांपलीकडे नेऊ नये. पाइप सर्वत्र उतरता असावा, एकही चढ किंवा काटकोन नसावा, आणि तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटून जाऊ नये. रबरी भाग तेल व उष्णता दोन्ही सोसणाऱ्या होजचाच घ्यावा. रेडिएटरचा होज आतून फुगतो, त्याचे पदर सुटतात आणि बाहेरून नवा दिसणारा होज आतून बंद झालेला निघतो.

एक बारीक पण नेहमीची चूक पॅकिंगची आहे. कोअरच्या खालच्या फ्लँजचे पॅकिंग बाजारातून कापून आणलेले असते, तेव्हा त्याचे भोक लहान किंवा सरकलेले असते. त्यावर सिलिकॉन पेस्ट लावली, की आवळताना ती आत दाबली जाऊन भोकाच्या कडेला मण्यासारखी लोंबते. काही मणी तुटून चेंबरमध्ये जातात आणि पंपाच्या जाळीवर अडकतात. टर्बोच्या तेलाच्या कोणत्याही जोडावर सिलिकॉन लावू नये. तिथे कोरडे, बरोबर भोकाचे पॅकिंगच हवे.

डबा लावून केलेली परीक्षा

वरचे सगळे पाहूनही दोष ड्रेनकडे आहे की कोअरकडे हे ठरत नसेल, तर ही परीक्षा निकाल देते. कंप्रेसरचा बाहेर जाणारा पाइप काढून आतून पुसून कोरडा करावा व परत बसवावा. इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढून टाकावे, कारण ते राहिले तर दोष दूर झाल्यावरही धूर बराच वेळ येत राहतो आणि आपण नाहक फसतो. मग ड्रेन पाइपचे चेंबरकडचे टोक सोडवून एका स्वच्छ पत्र्याच्या डब्यात सोडावे आणि चेंबरचे तोंड रबरी बुचाने बंद करावे. इंजिन थंड असताना मंद गतीवर वीस-तीस सेकंदच चालवावे, डब्यात किती तेल पडते यावर नजर ठेवावी आणि तेवढे तेल नंतर भरून पातळी पूर्ववत करावी. या वेळी दुसऱ्या माणसाने चावीजवळ बसावे. गरम इंजिनवर ही परीक्षा करू नये.

तेल डब्यात मोकळेपणी पडत आहे आणि थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा चालवूनही कंप्रेसरचा पाइप कोरडा राहतो, तर कोअर निर्दोष आहे. दोष ड्रेनच्या खालच्या भागात, चेंबरच्या पातळीत किंवा चेंबरच्या दाबात आहे. ड्रेन पूर्ण मोकळा असतानाही पाइप ओला होत असेल, तर सील किंवा बुश गेले आहेत. डब्यात तेल फारच कमी किंवा थांबून थांबून पडत असेल, तर लक्ष फीडकडे वळवावे.

फीड पाइप

फीडचा दोष धुराने कळत नाही, आवाजाने आणि मोडलेल्या शाफ्टने कळतो. काढलेल्या कोअरचा शाफ्ट निळसर-काळा पडला असेल किंवा बुशांवर ओरखडे असतील, तर तेल कमी पडले असे समजावे. फीड पाइप एक्झॉस्टच्या जवळून जातो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करण्याची सवय असेल, तर पाइपात उभे राहिलेले तेल भाजून कार्बन होते आणि आतला व्यास वर्षागणिक कमी होत जातो. असा पाइप तार घालून साफ करू नये. सुटलेली खपली नव्या कोअरच्या बुशात जाऊन बसते. पाइप नवाच घालावा. दोन्ही टोकांचे बँजो बोल्ट (मधून तेल जाणारे पोकळ बोल्ट) काढून त्यांची भोके उजेडापुढे धरावीत. काही इंजिनांत बोल्टच्या आत बारीक जाळी असते, ती चोंदलेली सापडते. तांब्याच्या वॉशर दर वेळी नव्या घालाव्यात.

मापाबद्दल एवढेच. तरंगत्या बुशांच्या टर्बोला साधारणपणे चार नंबरचा, म्हणजे आतून साडेपाच-सहा मिलिमीटरचा फीड पुरतो आणि त्यात कोणताही अडथळा घालायचा नसतो. १४ मिलिमीटरच्या ड्रेनशी तुलना केली तर क्षेत्रफळाचे प्रमाण साडेपाच ते साडेसहा पटींच्या आसपास येते, ते सुदृढ आहे. बॉल बेअरिंगच्या टर्बोचा हिशेब वेगळा आहे: त्याला तेल कमी लागते, म्हणून सुमारे एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लावतात आणि इंजिनच्या कमाल वेगात टर्बोच्या तोंडाशी दाब २.८ ते ३.१ बारच्या दरम्यान राहील असे पाहतात. पुष्कळ कोअरमध्ये तो रिस्ट्रिक्टर कारखान्यातूनच बसवलेला असतो. न पाहता दुसरा घातला, तर टर्बो उपाशी राहतो.

येथे एक कडक इशारा द्यावासा वाटतो. धूर थांबवण्यासाठी साध्या बुशांच्या टर्बोच्या फीडमध्ये वेल्डिंग करून भोक बारीक करण्याचा उपाय अजूनही केला जातो. धूर खरोखर थांबतो, म्हणूनच तो उपाय टिकून आहे. पण तुंबलेली मोरी तशीच ठेवून नळ बंद केल्यासारखा तो प्रकार आहे, आणि माझ्याकडे आलेल्या अशा एका गाडीचा शाफ्ट दीड महिन्यात दोन तुकड्यांत निघाला.

फीडची शेवटची तपासणी दाबाची. पंपाजवळचा दाब पाहून उपयोग नाही. टर्बोच्या तोंडाशी दाबमापकासाठी टी-आकाराचा जोड लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर, मंद गतीला आणि वाढवलेल्या गतीला दाब मोजावा आणि इंजिनच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. टर्बोशी दाब कमी आणि इंजिनच्या मुख्य गॅलरीत (तेलाच्या मुख्य वाहिनीत) ठीक असेल, तर पाइप दोषी आहे. दोन्हीकडे कमी असेल, तर पंप, पंपाची जाळी किंवा इंजिनचे बेअरिंग यांच्याकडे पाहावे लागेल आणि ते घरी करण्याचे काम राहत नाही.

कुठे थांबावे

कंप्रेसरच्या बाजूचा पाइप काढून शाफ्टचे टोक बोटांनी हलवून पाहावे. वर-खाली थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतो, तो तेलाच्या थरासाठी ठेवलेला असतो, त्यामुळे कोरड्या टर्बोत तो जाणवणे स्वाभाविक आहे. आत-बाहेर मात्र प्ले हाताला जाणवता कामा नये. तो जाणवला, चाकाची पाती घराला घासल्याची खूण दिसली किंवा तेलात धातूचा चुरा चमकला, तर इंजिन पुन्हा चालू न करता गाडी ओढून टर्बोचे काम करणाऱ्याकडे न्यावी. कोअर स्वतः उघडू नये. शाफ्ट आणि चाके एकत्र बॅलन्स केलेली असतात आणि तो बॅलन्स मशीनवरच साधता येतो. बॉल बेअरिंगचा कोअर, फिरत्या पात्यांचा टर्बो आणि डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी गाळणारा फिल्टर) असलेली बीएस ६ गाडी यांच्या बाबतीत पाइप पाहण्यापलीकडे जाऊ नये. डीपीएफमध्ये तेल गेले असेल, तर तोही वेगळा तपासून घ्यावा लागतो.

डिझेल गाडीच्या मालकाने एक गोष्ट आधीच समजून ठेवावी. सील अचानक सुटले, तर इंजिन स्वतःच्याच तेलावर धावू लागते, पाय उचलला तरी वेग वाढत जातो आणि चावी काढूनही ते बंद होत नाही. अशा वेळी गाडी उभी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवावे. क्लच साथ देत नसेल आणि हवेच्या पाइपाच्या तोंडापर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल, तर ते लाकडी फळीने बंद करावे, हाताने किंवा अंगातल्या कपड्याने कधीही नाही. पोहोचता येत नसेल, तर माणसांना दूर करावे. इंजिन गेले तरी चालेल. असे एकदा झाल्यावर ती गाडी चालवत गॅरेजला आणू नये.

परत बसवताना

कोअर नवा असो वा जुना, फीड जोडण्याआधी त्याच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा. इंजिनचे तेल व फिल्टर बदलावेत. डिझेल बंद ठेवून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारावा आणि ड्रेनच्या तोंडाशी तेल आलेले डोळ्यांनी पाहूनच ड्रेन पाइप जोडावा. पहिल्यांदा चालू केल्यावर दोन-तीन मिनिटे मंद गतीवर ठेवावे, रेस करू नये. घाट चढून आल्यावर मिनिटभर मंद चालवून मग बंद करण्याची सवय चालकाला लावावी.

जांबोटीच्या काकांना मी एवढेच सांगितले होते, की चोर्ला घाटाची एक फेरी पूर्ण करून गाडी परत आणा. ते आले तेव्हा ड्रेनच्या क्लिपा पाव आटा आवळून घेतल्या आणि इंटरकूलरचा खालचा पाइप काढून पांढऱ्या फडक्याने आतून पुसला. फडक्यावर फक्त धूळ आली.